‘ताप नाही’ची गोष्ट

‘डोक्याला ताप आहे नुसता!’ हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून किमान दहा वेळा ऐकू येतं. त्यावर कुणी थर्मामीटर आणायला धावत नाही. माणसाला अर्थ आपोआप कळतो. पण हेच वाक्य एखाद्या प्रोग्रॅमला द्या आणि सांगा की बाबा रे, शहरात तापाचे रुग्ण किती आहेत ते मोज. तो बिचारा आमचा अख्खा फ्लोअर क्वारंटाइन करून मोकळा होईल.

हसण्यावारी नेऊ नका. गेली पंचवीस-तीस वर्षं बरीच हुशार डोकी नेमक्या याच प्रश्नाशी झटतायत. दवाखान्यात, इमर्जन्सी वॉर्डात, एक्स-रेच्या रिपोर्टात डॉक्टर-नर्स मंडळी जे काही लिहून ठेवतात ते कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायचं, आणि साथ हाताबाहेर जायच्या आत तिचा सुगावा लावायचा. या वाचून घेण्याला नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग असं भारदस्त नाव आहे. घरगुती नाव एनएलपी. मी काही काळ एका अमेरिकन क्लायंटच्या हॉस्पिटल सॉफ्टवेअरवर काम केलं तेव्हा या प्रकाराशी पहिली ओळख झाली, आणि मग सवयीप्रमाणे त्याचा इतिहास खणत बसलो. (वीकेंडला दुसरं करायचं काय? ट्रेकला जायचं तर गुडघा बोंबलतो.) हा इतिहास मला वाटला होता त्यापेक्षा बराच जुना निघाला. कॉम्प्युटरच्या तीनेकशे वर्षं आधीचा.

तर चला, सतराव्या शतकातल्या लंडनला. प्लेग दर काही वर्षांनी येऊन शहराला झोडपून जायचा. तिथे दर आठवड्याला एक छापील कागद निघे, ‘बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी’. १६०३ पासून तो नियमित निघू लागला. कुठल्या चर्चच्या हद्दीत या आठवड्यात किती माणसं गेली आणि पुढे पुढे कशाने गेली, याचा हा हिशोब. वर्षाची वर्गणी चार शिलिंग. घेणारे कोण, तर पैसेवाले. प्लेगचा आकडा चढताना दिसला की गाड्या जुंपून गावाकडे पळायला मोकळे! व्यापारीही त्यावरून धंद्याचा अंदाज बांधत. आपल्या भाषेत सांगायचं तर पेड सबस्क्रिप्शनवाला डॅशबोर्डच की हा.

आता या डॅशबोर्डला डेटा कुठून यायचा? चर्चने नेमलेल्या म्हाताऱ्या बायका असत, त्यांना ‘सर्चर’ म्हणायचे. मयताची घंटा वाजली की या जाऊन प्रेत बघणार, घरच्यांना चार प्रश्न विचारणार आणि मरणाचं कारण सांगणार. कारकून ते लिहून घेणार. वैद्यकीचं शिक्षण शून्य. त्यामुळे कारणांच्या यादीत ‘दात’ आहे, ‘अचानक’ आहे, ‘दुःख’ आहे आणि चक्क ‘ग्रह’सुद्धा आहे. (आपल्याकडचे ज्योतिषी उगाच बदनाम!)

या कागदांचा ढीग उपसला तो जॉन ग्राँट नावाच्या एका दुकानदाराने. सुया, गुंड्या, असलं सटरफटर सामान विकणारा माणूस. १६६२ मध्ये त्याने या जुन्या याद्यांवर एक छोटं पुस्तक काढलं आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे त्याला कळून चुकलं होतं की गरमीच्या रोगाने मेलेला माणूस कागदावर बरेचदा क्षयाने मेलेला असतो, कारण सर्चरबाईंच्या पोटात बिअर आणि हातात नेहमीपेक्षा जास्त पैसे पडलेले असतात. दुसरी गोष्ट आणखी भारी. १६२५ च्या प्लेगच्या वर्षी ‘इतर’ आजारांचे मृत्यूही अचानक दुपटीहून जास्त झालेले त्याला दिसले. म्हणजे हे इतर नव्हेतच! आपलं नाव प्लेगच्या रकान्यात येऊ नये म्हणून लोकांनी तिकडे सरकवलेले हे मृत्यू. प्लेगने प्रत्यक्षात कागदावरच्यापेक्षा साधारण पाव पट जास्त माणसं नेली, असं त्याने गणित मांडलं. न लिहिलेलं वाचणारा हा बहुधा पहिला डेटा अ‍ॅनालिस्ट असावा.

लोक का लपवायचे? उघड आहे. प्लेगची नोंद झाली की घराला बाहेरून कुलूप. १६६५ च्या प्लेगमध्ये हा बंदिवास चाळीस दिवसांचा होता, दारावर लाल क्रॉस, आणि आजारी माणसाबरोबर धडधाकट माणसंही आत. सर्चरबाईच्या तोंडच्या एका शब्दावर अख्ख्या घराचं नशीब ठरायचं. मग त्या शब्दाला भाव येणारच.

मराठी माणसाने हे शिकायला लंडनला जायची गरज नाही म्हणा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी विचित्र तापाचे रुग्ण पाहिले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं ओळखलं. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा आला, पुण्यात रँडची कमिटी आली, गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या. पुढचं चापेकर बंधूंपर्यंतचं सगळं आपण शाळेतच वाचलेलं आहे. शाळेच्या पुस्तकात न येणारा भाग असा की त्या काळात आजारी माणूस लपवणं आणि मृत्यू दुसऱ्याच कारणावर घालणं हे मुंबई-पुण्यात सर्रास चालत होतं. नोंद करणारा पुढे काय करणार आहे हे लोकांना कळतं, आणि मग ते त्याप्रमाणे बोलतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लंडनला परत एक मिनिट. १८३९ च्या सुमारास तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात विल्यम फार नावाचा डॉक्टर रुजू झाला. त्याचं दुखणं आपल्यासारखंच होतं, डेटा क्लीन नाही! एकाच रोगाला तीन-चार नावं, आणि एकच नाव तीन-चार रोगांना. म्हणून त्याने रोगांची पद्धतशीर यादी करायचा आग्रह धरला. त्यातूनच पुढे १८९३ ची बर्टियाँची यादी आणि तिच्या वंशातले आजचे आयसीडी कोड आले. अमेरिकेत विम्याचं बिल या कोडशिवाय पास होत नाही. त्यामुळे कोडचा डेटा मुबलक. पण त्याच्यात दोन खोड्या. पेशंट घरी गेल्यावर कोडर निवांत बसून कोड टाकणार, म्हणजे उशीर. आणि दुसरं, कोड फक्त आधीपासून माहीत असलेल्या रोगांनाच असतो. नव्या रोगाचा कप्पा अजून बनवलेलाच नसतो.

मग उरतं काय? फ्री टेक्स्ट. डॉक्टरने घाईघाईत लिहिलेलं किंवा टेपवर बोललेलं.

हे कॉम्प्युटरला वाचायला लावायची खटपट माझ्या अंदाजापेक्षा खूप आधी सुरू झाली. न्यूयॉर्क विद्यापीठात नाओमी सेगर या बाईंनी १९६५ पासून भाषेच्या विश्लेषणाचा एक प्रकल्प चालवला. त्यांच्या हे लक्षात आलं की डॉक्टरांचं इंग्रजी हे खरं तर इंग्रजी नाहीच, ती एक पोटभाषा आहे. क्रियापद गायब, कर्ता गायब, शब्दसंग्रह मोजका. (आपल्या भाजीवाल्याच्या वहीसारखं.) आणि भाषा जितकी आटोपशीर तितकं तिचं व्याकरण बांधणं सोपं. १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने एक्स-रे रिपोर्टांतली वाक्यं मोडून त्यांची कोष्टकं बनवून दाखवली. तेव्हा बहुतेक मराठी घरांत टीव्हीही आला नव्हता.

नव्वदच्या दशकात त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात कॅरोल फ्रीडमन यांनी ‘मेडली’ नावाची प्रणाली लिहिली. छातीच्या एक्स-रेचे रिपोर्ट वाचणारी. काळही तसाच होता. १९९२ मध्ये न्यूयॉर्क शहरात क्षयाचे ३,८११ रुग्ण नोंदवले गेले, आणि वॉर्डात इतरांशेजारी झोपवलेला एक न ओळखलेला क्षयरोगी किती जणांना प्रसाद देईल याचा नेम नव्हता. रिपोर्टात रेडिऑलॉजिस्टने संशय लिहिलेला असायचा, पण तो वेळेवर कुणी वाचेल तर! प्रोग्रॅमने ते वाचून संशयितांना वेगळं ठेवायची सूचना द्यायला सुरुवात केली, आणि डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेले काही रुग्ण त्यात सापडले.

आता येते या गोष्टीतली माझी आवडती जागा, पिट्सबर्ग.

तिथल्या विद्यापीठात मायकेल वॅगनर आणि फू-चिआंग त्सुई यांच्या गटाने १९९९ मध्ये ‘रॉड्स’ नावाची प्रणाली सुरू केली. कल्पना एकदम साधी. अमेरिकेत पेशंट इमर्जन्सीत आला की नोंदणीच्या टेबलावरच त्याची ‘चीफ कम्प्लेंट’ टाइप केली जाते. दोन-चार शब्द, फार तर एक ओळ. ‘छातीत दुखतंय’, ‘उलट्या-जुलाब’, ‘ताप, अंगावर पुरळ’. तपासणी नंतर, निदान नंतर, कोड तर कितीतरी नंतर. पण ही ओळ पहिल्या मिनिटाला कॉम्प्युटरात असते! हॉस्पिटलच्या सिस्टिम्स आपापसात एचएल-७ नावाच्या फॉर्मॅटमध्ये मेसेज पाठवतात (उभ्या दांड्यांनी तोडलेला तो भयाण मजकूर ज्याने डीबग केलाय त्याला माझा सलाम). रॉड्स तेच मेसेज ऐकत बसायची. नाव नाही, पत्ता नाही. वय, लिंग, पिनकोड आणि ती एक ओळ.

त्या ओळीचं काय करायचं? तर नाइव्ह बेज. माणसांनी आधी वर्गवारी करून ठेवलेल्या तक्रारी प्रोग्रॅमला दाखवायच्या. कुठला शब्द कुठल्या गटात किती वेळा येतो हे तो मोजून ठेवतो. नवी ओळ आली की प्रत्येक शब्दाची शक्यता गुणत जायची आणि ज्या गटाचं पारडं जड त्यात ढकलायचं. गट सातच: श्वसनाचे, पोटाचे, पुरळ, रक्तस्राव, मेंदू-मज्जासंस्था, बोट्युलिझमसारखे आणि अंगदुखी-अशक्तपणा छापाचे. बाकीचं ‘इतर’. व्याकरण नाही, अर्थ नाही, नुसती मोजणी. पण तीन शब्दांच्या ओळीत व्याकरण असतंच कुठे! ‘एस ओ बी’ ही तीन अक्षरं मी पहिल्यांदा एका टेस्ट डेटाच्या कॉलममध्ये पाहिली तेव्हा मला वाटलं नर्सबाई पेशंटवर भलत्याच चिडलेल्या आहेत. त्याचा अर्थ शॉर्टनेस ऑफ ब्रेथ, म्हणजे धाप लागणे :-)

मग आला सप्टेंबर २००१, पाठोपाठ ऑक्टोबरात अँथ्रॅक्सची पत्रं. पत्रांमुळे २२ जण आजारी पडले, ५ गेले. आणि फेब्रुवारीत तर सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिक! सगळं जग तिथे गोळा होणार. सरकारचं धाबं दणाणलं. पिट्सबर्ग आणि युटाच्या मंडळींनी मिळून तिथल्या हॉस्पिटलांना रॉड्स जोडायचं ठरवलं. हातात वेळ किती? सात आठवडे. ज्यांनी कधी दोन वेगवेगळ्या संस्थांच्या सिस्टिम्स जोडल्या आहेत त्यांना हा आकडा वाचून घाम फुटेल. एक सही मिळवायलाच सात आठवडे जातात हो! पण झालं. ८ फेब्रुवारी ते ३१ मार्च २००२ या काळात १,१४,००० हून जास्त रुग्णभेटी या प्रणालीने वाचल्या.

सापडलं काय? काहीच नाही. एकही दखल घेण्याजोगी साथ नाही.

आता याला यश म्हणायचं की अपयश? साथ आलीच नव्हती म्हणून दिसली नाही, हे खरं. पण ‘दिसली नाही’ यावर विश्वास ठेवायचा तर ‘असती तर दिसली असती’ हे सिद्ध करावं लागतं, आणि ते फार अवघड. टीकाकार तेव्हाच म्हणत होते की हा पैसा साध्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर खर्च करा. त्यांच्या म्हणण्यात दम होता. अँथ्रॅक्सचा पहिला रुग्ण कुठल्या अल्गोरिदमने पकडला नव्हता. फ्लोरिडात लॅरी बुश नावाच्या डॉक्टरांनी मणक्यातल्या पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि त्यांच्या डोक्यात घंटा वाजली. एका रुग्णावरून! आणि मोजणी करणाऱ्या प्रणालीला एक रुग्ण म्हणजे काहीच नाही.

शिवाय खोट्या अलार्मचं गणित. समजा सात गट, शंभर पिनकोड, रोजची तपासणी. म्हणजे दिवसाला सातशे चाचण्या. शंभरात एकदा घडेल अशा गोष्टीवर घंटा वाजवायची ठरवली, तरी काहीही घडलेलं नसताना रोज सात वेळा घंटा वाजणार. ऑन-कॉल ड्यूटी केलेल्यांना पुढचं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी माणूस मेल न वाचताच डिलीट करतो. लांडगा आला रे आला.

पण एक प्रसंग मात्र मला पटला. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागाची वीज गेली. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याकडे तोवर शहरातल्या इमर्जन्सी वॉर्डांतल्या तक्रारींची अशीच प्रणाली रोज चालू होती. वीज गेल्यानंतरच्या दिवसांत जुलाबाच्या तक्रारी शहरभर चढलेल्या दिसल्या. चौकशी केली तर बंद फ्रिजमधलं मांस आणि मासे लोकांनी फेकून न देता खाल्ले होते. यात एकेका डॉक्टरला काय दिसणार? जुलाबाचे चार पेशंट जास्त, उन्हाळा आहे, होतं असं. बेरीज फक्त वरून दिसते.

आता ‘नाही’कडे येऊ. तक्रारीच्या एका ओळीत भागतं, पण डॉक्टरची पूर्ण नोंद वाचायला घेतली की वेगळीच आफत. वैद्यकीय शिक्षणात शिकवतात की काय आहे ते लिहा आणि काय नाही तेही लिहा. ‘खोकला नाही, पुरळ नाही, परदेश प्रवास नाही.’ पिट्सबर्गच्याच वेंडी चॅपमन यांनी तपासलं तेव्हा असं दिसलं की डिक्टेट केलेल्या नोंदींत उल्लेखलेल्या लक्षणांपैकी आणि आजारांपैकी निम्मे तरी ‘नाही’ म्हणायलाच आलेले असतात. निम्मे! म्हणजे कीवर्ड सर्च करून साथ शोधणारा माणूस नाणं उडवत बसल्यासारखाच.

२००१ मध्ये चॅपमन आणि सहकाऱ्यांनी यावर ‘नेगेक्स’ काढलं. त्याची गंमत त्याच्या साधेपणात आहे. आत काही नाही, रेग्युलर एक्स्प्रेशन्स! नकाराच्या वाक्प्रचारांची एक यादी, आणि नियम असा की असा वाक्प्रचार दिसला की त्याच्या आसपासच्या पाच शब्दांत येणारं लक्षण ‘नाही’ समजायचं. शिवाय एक दुसरी यादी, फसव्या नकारांची. ‘वाढ झालेली नाही’ म्हणजे गाठ नाही असं नव्हे, गाठ आहे, वाढलेली नाही. ‘ग्रॅम निगेटिव्ह’ हा जंतूचा प्रकार झाला, नकार नव्हे. आधीच्या ओबडधोबड पद्धतीने शंभर ठिकाणी ‘नाही’ म्हटलं तर अडुसष्ट बरोबर निघत. नेगेक्सचे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. त्या बदल्यात काही खरे नकार त्याच्या हातून निसटत, पण सौदा वाईट नव्हता. पीएचडीवाल्यांनी व्याकरणाचे मोठमोठे डोलारे उभारले, आणि पुढची कित्येक वर्षं हे पाच शब्दांचं कोष्टक जगभर वापरलं गेलं. माझ्यासारख्या रेजेक्सवर पोट भरणाऱ्या माणसाला याचा किती आनंद झाला असेल, कल्पना करा.

या यादीतला एक शब्द मला खास वाटतो. ‘पेशंट डिनाइज फीव्हर.’ पेशंट तापाचा इन्कार करतो! जणू कोर्टात उभा आहे. २००० च्या आसपास मुंबई, पुणे, बेंगळुरूत मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं पेव फुटलं होतं. तिकडचा डॉक्टर दिवसभराचं बोलून ठेवणार आणि तिकडे रात्र असताना इकडे पोरं हेडफोन लावून टाइप करणार. हा ‘डिनाइज’ टाइप करून त्यांची बोटं झिजली असतील. पण शब्द चपखल आहे. पेशंटने नाकारलं एवढंच डॉक्टर लिहितो. आजार नाहीच, असं तो म्हणत नाही. ग्राँटच्या सर्चरबाईला हा शब्द मिळाला असता तर तिच्या कागदावर किती खरेपणा आला असता!

पुढे २००७ पासून चॅपमन यांच्या गटाने याचा विस्तार केला, ‘कॉन्टेक्स्ट’ या नावाने. ‘आहे की नाही’ याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न: कधी आणि कुणाला? ‘आईला क्षय होता’ हा पेशंटचा क्षय नव्हे. ‘लहानपणी गोवर’ ही आजची साथ नव्हे. आणि ‘ताप आला तर परत या’ हे तर अजून घडलेलंच नाही. घरी सोडताना हे वाक्य जवळपास प्रत्येकाला सांगतात. ते मोजत बसलं तर शहर कायमचं तापलेलं.

फ्री टेक्स्टची खरी कसोटी २०१९ मध्ये लागली. जुलैत विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांना एकाएकी तरुण धडधाकट पोरं फुप्फुसं निकामी झालेल्या अवस्थेत यायला लागलेली दिसली. समान धागा एकच, सगळी ई-सिगारेट ओढणारी. या आजाराला नाव नव्हतं, मग कोड कुठून असणार? (कोड आला तो १ एप्रिल २०२० ला.) देशभर नेमकं काय चाललंय हे पाहायला अमेरिकेच्या सीडीसीने इमर्जन्सी वॉर्डांच्या तक्रारींमध्ये व्हेपिंगसंबंधी शब्द शोधले. आलेख स्पष्ट होता: जून २०१९ पासून सरळ वर. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. दोष निघाला प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचा. कोडच्या कप्प्यात जे दिसलंच नसतं, ते नर्सने टाइप केलेल्या चार शब्दांत पडलेलं होतं. आणि पुन्हा तेच: पहिली शंका डॉक्टरांना आली, टेक्स्टने व्याप्ती दाखवली. बातम्या झाल्यावर प्रत्येक पेशंटला व्हेपिंगबद्दल विचारणं आलं, म्हणजे ‘व्हेपिंग करत नाही’ अशा नोंदींचा पाऊस. नेगेक्स हाजिर हो!

आजकालची मोठी भाषा-मॉडेल्स ही सगळी सर्कस एका दमात करतात. नकार, काळ, कुणाला, सगळं. यादी बनवायची गरज नाही. मला त्यांचं कौतुक आहे. पण नेगेक्स चुकलं तर कुठल्या नियमाने चुकलं हे बोट ठेवून सांगता येतं, आणि शहरात साथ जाहीर करायची असेल तर मला असं बोट ठेवता आलेलं आवडेल.

आता आपल्या अंगणात. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो. ‘ताप, खोकला, उलटी, अंगदुखी असलं काही नाही.’ म्हणजे खिडकी उलट्या दिशेने आणि लांबवर उघडावी लागणार. ते जमेल. पण ‘ताप जात नाही’चं काय करायचं? ‘ताप’ आहे, ‘नाही’ आहे, दोन्ही शेजारी आहेत, आणि माणूस तापाने फणफणलेला आहे! ‘ताप उतरत नाही’, ‘खोकला थांबत नाही’, ‘उलटी राहत नाही’. आपल्याकडे दुखणं जास्त झालं की ‘नाही’ येतो. त्यात पुन्हा ‘कसर’ आहे, ‘कणकण’ आहे, ‘अंग मोडून आलंय’ आहे. हे सगळं केसपेपरवर पोचेपर्यंत डॉक्टर त्याचं ‘फीव्हर’ करून टाकतात, आणि अंगातली कसर कुठल्या कुठे जाते.

सुरतेच्या १९९४ च्या प्लेगनंतर देशाला जाग आली आणि २००४ मध्ये आयडीएसपी, म्हणजे एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. तीन फॉर्म. आरोग्य कर्मचाऱ्याचा ‘एस’, डॉक्टरचा ‘पी’, प्रयोगशाळेचा ‘एल’. आठवड्याचा हिशोब, अगदी त्या लंडनच्या कागदासारखा. २०२१ मध्ये हे सगळं नव्या ऑनलाइन पोर्टलवर गेलं आणि आजारांची यादी १८ वरून ३३ वर गेली. यादी म्हणजे पुन्हा कप्पेच.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरातून जीबीएसचे रुग्ण पुण्याच्या हॉस्पिटलांत यायला लागले. इथेही आकडा विचित्र दिसतोय हे आधी डॉक्टरांच्याच लक्षात आलं. हा आजार केसपेपरवर स्वतःचं नाव सांगत येत नाही. कुणाच्या पायाला मुंग्या येतात, कुणाला जिना चढता येत नाही, कुणाच्या हातातून कप निसटतो. आणि आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. चार हॉस्पिटलांतल्या चार कागदांवर ही चार वेगळी वाक्यं.

डॉक्टरांच्या त्या ‘पी’ फॉर्मवर मूळच्या छापील यादीत आजारांच्या ओळी संपल्या की खाली एक ओळ असते: वरील यादीत न बसणारी अनोखी लक्षणं असल्यास लिहा. तिथे कप्पा नाही, कोड नाही. फक्त रिकामी जागा, पेनाने भरायला.